मागच्या खोलीतली कॅप्टन

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, म्हणून गल्लीनेच त्यांना ते बहाल केलं होतं. दुकान कायमचं आवरल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत विमान बांधायला घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारपणी माणसाचा एखादा स्क्रू ढिला व्हायचाच, घड्याळवाला झाला म्हणून काय झालं.

विमान म्हणजे फक्त विमानाचं नाक, तेही आतून. दोन खुर्च्या, समोर संगणकाचे तीन पडदे, त्यांवर आकाश. पडद्यांखाली फळीवर गोल तबकड्या, उंचीची, वेगाची, दिशेची, आणि प्रत्येकीत खराखुरा काटा. काका उडवायचे ते जुनं सेव्हन थ्री सेव्हन, अगदी पहिल्या पिढीतलं: मधे एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या, पंखांखाली चिरुटासारखी लांबट इंजिनं. नव्या विमानांकडे ते बघतही नसत. "त्यांत नुसत्या काचा," ते म्हणायचे. "काच आकडा सांगते. काटा कुठे निघालाय तेही सांगतो."

काकूंना या सगळ्याचं कौतुक नव्हतं. त्यांची सगळी नोकरी याच जातीच्या विमानांत प्रवाशांची सरबराई करण्यात गेली होती. "त्यातून सुटले एकदाची," त्या म्हणायच्या, "तर ह्यांनी तेच घरात आणून ठेवलं." तरी जाता-येता कान तिकडे असायचा. एकदा दारातच थांबून म्हणाल्या, "अहो, ते चाक इतकं गुळगुळीत नव्हतं फिरत. खडखडायचं. माझी खुर्ची पायलटच्या भिंतीच्या अलीकडे होती ना, पाठीत वाजायचं."

विमानाचं नाक वर-खाली तोलणारं ते चाक पायलटच्या गुडघ्याशी असतं. काकांनी जुन्या गजराच्या घड्याळातली दातेरी चकती काढली आणि त्यात बसवली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आता बरोबर."

मग एका सकाळी भिंतीवरचं घड्याळ काढताना काका स्टुलावरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. हाडापेक्षा त्यांना रविवारची चिंता जास्त. जुन्या विमानांच्या वेड्यांचा त्यांचा एक क्लब होता. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून नेटवरून एकाच आकाशात उडायचा. गावातला बेकरीवाला कंट्रोल टॉवर सांभाळायचा, बाकीचे पाहायचे, ऐकायचे. या रविवारी पाळी काकांची होती, आणि विमानतळ डोंगरांमधला, आखूड धावपट्टीचा. काकांनी नकार कळवायला फोन उचलला.

"कशाला कळवताय?" काकू म्हणाल्या. "मी बसते."

"तू?"

"का? हात माझे, डोकं तुमचं. संसार तसाच तर केला."

सराव सुरू झाला. पहिल्यांदा विमान शेतात गेलं, दुसऱ्यांदा धावपट्टी ओलांडून नदीत. काकू सुकाणूचा दांडा फार हलवायच्या. काकांच्या तोंडून निघून गेलं, "कढी ढवळतेयस का?" काकूंनी हेडफोन काढून ठेवला आणि उठून गेल्या. जेवणं झाल्यावर स्वतःच परत येऊन बसल्या. "चूक काय ती सांगा. टोमणा नको."

काका वरमले. त्यानंतर ते शिकाऊ कारागिराला सांगावं तसं सांगू लागले: काटा जागचा हलला की लगेच ओढू नकोस, कुठे थांबतोय ते बघ. काकूंचा हात हळूहळू हलका झाला.

एका दुपारी काकांनी विचारलं, "नोकरीत असताना कधी पुढे बसावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना. विचारलंही होतं. हसले सगळे. वाईट नाही, गमतीनेच. तेव्हा आम्हा मुलींची नोकरी पायलटच्या दाराच्या अलीकडेच संपायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

काका तबकडीवरची नसलेली धूळ पुसत राहिले.

रविवारी क्लबचे सगळे हजर होते. काकू डावीकडे, कॅप्टनच्या खुर्चीत. काका उजवीकडे, धडधाकट डाव्या हाताने उतरायची चाकं आणि पंखांचे फ्लॅप सांभाळायला. टॉवरने हाक दिली. काकूंनी उत्तर दिलं ते त्यांच्या जुन्या, विमानात सूचना देतानाच्या आवाजात, मऊ आणि स्वच्छ. बेकरीवाल्याने विचारलं, "काका, आज कोण आहे?"

"आमच्या कॅप्टन," काका म्हणाले.

ढग फाटले, दोन डोंगर बाजूला झाले आणि धावपट्टी दिसली. विमान थोडं उंच होतं. काकांना वाटलं, जमेल, जरा नाक दाबलं की झालं. सगळे बघत होते, अशा वेळी माघार घ्यायची म्हणजे शोभाच.

"नाही. फिरून येऊ," काकू म्हणाल्या.

"अगं, बसेल."

"बसेल हो. पण मागे बसलेल्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. चाकं वर घ्या."

काकांनी चाकं वर घेतली. मागे प्रवासी नव्हते, कपड्यांचं कपाट होतं, हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. विमान डोंगराला वळसा घालून परत आलं. या खेपेला वेगाचा काटा घसरू लागला तेव्हा काका बोलायला गेले, तोवर काकूंनी इंजिनांचे दांडे पुढे सारलेही होते. धावपट्टी मोठी होत गेली, धप्प आवाज झाला, नाक टेकलं, आणि विमान शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बरंच अलीकडे थांबलं.

हेडफोनमध्ये सगळे एकदम बोलू लागले. काकू पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"इतकी वर्षं उतरले," त्या हळूच म्हणाल्या, "पण धावपट्टी येताना कधी पाहिलीच नव्हती. आम्ही पाठमोऱ्या. समोर प्रवाशांचे चेहरे. त्यांच्यावरूनच कळायचं, आता टेकणार."

काकांचा ऊर असा भरून आला की हेडफोनमधल्या अभिनंदनाला त्यांना उत्तर देता येईना.

नंतर मात्र त्यांना बोलणं आवरेना. भाजीवालीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, प्लास्टर कापणाऱ्या डॉक्टरांना तर फिरून येण्यासकट सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी अंगावर मूठभर मांस चढायचं. हात बरा झाला, पण डावी खुर्ची काही त्यांच्याकडे परत आली नाही. "कानामागून आली आणि तिखट झाली," ते म्हणायचे, पण म्हणताना चेहरा असा, की पोरीचा पहिला नंबर आल्याची बातमी देताहेत.

पुढच्या खेपेला बेटावरचा विमानतळ ठरला. वाऱ्यासाठी बदनाम. बेकरीवाल्याने काकांना फोन करून जरा चाचरतच विचारलं, "या वेळी तुम्ही उडवणार का?"

"मी कशाला?" काका म्हणाले. "वारा असेल तर तीच हवी."