मामंजींची लाँच आणि माझ्या चपला

नळाला पाणी आलं की ज्या गावात माणसं हातातला घास टाकून घागर घेऊन पळायची, त्या गावात राहून माझ्या सासऱ्यांनी बोट विकत घेतली. सोलापुरात. तेही सत्तरच्या दशकात, जेव्हा आमच्या चाळीत अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी तुळशीला आणि तुळशीच्या कुंडीतून गळालेलं पाणी खालच्या बिऱ्हाडाशी भांडायला उपयोगी पडायचं. अख्ख्या चाळीत पोहता येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मामंजी.

एका रविवारी ते टेंभुर्णीहून एसटीने परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं कडं होतं. बुडणाऱ्या माणसाकडे फेकतात तसलं. स्टँडपासून घरापर्यंत ते तसेच चालत आले होते. मी दार उघडलं आणि विचारलं, "मामंजी, हे काय?"

"बोटीचं हाय."

"आणि बोट?"

"ती एसटीत बसंना," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

जेवताना सगळा खुलासा झाला. धरणाच्या कामावरच्या कोणा साहेबाने पाण्यावर हिंडायला कोकणातून एक लाकडी लाँच आणवली होती. साहेबाची बदली झाली, इंजिन कोणी तरी काढून नेलं आणि उरलेली लाँच काठावर पालथी पडली. ती मामंजींनी घेतली. पैसे कुठून आणले हे सासऱ्यांना विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. माझे यजमान शाळेत कारकून होते. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. वडिलांपुढे त्यांचं शौर्य एवढंच.

आता मामंजींची बाजू सांगायला हवी, नाही तर माझ्यावर अन्याय केल्याचा आरोप येईल. त्यांचं गाव भीमेच्या काठी होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव खाली गेलं. घराच्या तुळया, दारं, खुंट्यासुद्धा आम्ही काढून आणल्या; भिंती तेवढ्या राहिल्या. त्या घरात मी लग्न होऊन गेले होते आणि चार वर्षं तिथल्या चुलीचा धूर खाल्ला होता. घर गेलं तेव्हा, खरं सांगते, मला विशेष वाईट वाटलं नव्हतं. मामंजी मात्र आमच्या दोन खोल्यांत आले आणि चाळीच्या पायरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसू लागले. दोन वर्षं बसले. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते मुलाला म्हणाले, "मला माज्या अंगणावर निजायचंय. अंगण खाली असंना का, मी वर निजतो. तितंच ऱ्हायचं, तितंच मरायचं. तुमी सुट्टीला येत जावा."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मला राग आला की तोंडून कानडी बाहेर पडतं. "साकु माडरी," मी म्हणाले, म्हणजे पुरे करा. मग मराठीत अट घातली: बोट दुरुस्त करायची, पाण्यात सोडायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ती आतून कोरडी राहिली तर मी स्वतः येऊन तिथे चूल मांडेन आणि सुट्टीभर राहीन. नाही राहिली, तर या घरात पुन्हा बोटीचं नाव काढायचं नाही.

"कबूल," मामंजी म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी निर्धास्त झोपले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे बोट बघायला गेलो. सगळे म्हणजे आम्ही तिघं आणि शेजारच्या खोलीतले विणकर काका. काकांचं घरी तेलुगू, कामावर मराठी. अक्कलकोट रोडला चादरींच्या मागावर ते कामाला जायचे आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना खात्रीने काही तरी माहीत असायचं. बोट काठावर एका बाभळीखाली होती. तिच्या फळ्यांमध्ये अशा फटी पडल्या होत्या की आत बसून पेपर वाचता आला असता. वाचायला जागा मात्र नव्हती, कारण आत शेळीची करडं कोंडली होती. त्यांची मालकीण, एक धनगर बाई, काठी टेकून आमच्याकडे बघत होती.

"ही आमच्या करडांची हाय की," ती म्हणाली.

"मी इकत घेतलीय," मामंजी म्हणाले.

"कशाला?"

या प्रश्नासाठी मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

करडं बाहेर काढली, बोट सुलटी केली. मी चपलांसकट आत पाय टाकला. मामंजींनी माझ्या पायांकडे पाहिलं. आमच्यात घरात चपला चालत नाहीत, पण मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "ही बोट आहे, घर नाही. घर होईल तेव्हा काढीन." पुढे थोडी उघडी जागा, मग एक दार, आणि दाराच्या आत दोन फळकुटं होती, झोपण्यासाठी. एक ओटा, स्टोव्ह मावेल इतका. आणि कपाटाएवढी एक खोली, जिचा उपयोग काय ते यजमानांनी मला हळूच सांगितलं आणि मी ती ताबडतोब खिळे मारून बंद करायला लावली.

मग दुरुस्ती सुरू झाली. पावसाळ्याचे तीन महिने, दर रविवारी. यजमानांनी वाचनालयातून जहाजांवरचं एक पुस्तक आणलं आणि दोरीच्या अकरा प्रकारच्या गाठी शिकले. त्यांतली एकही पुढे सुटली नाही, दोऱ्या कापाव्या लागल्या. पुस्तकात लिहिलं होतं की फटींत सूत ठोकून वरून डांबर ओतावं. काका हसले आणि मामंजींना म्हणाले,

"डांबर कशाला, मामा? सूत आपल्याकडं आहे, खळ आपल्याकडं आहे. खळ लावली की सूत दगड होतंय. पिढ्यान् पिढ्या करतोय आम्ही."

खळ म्हणजे पिठाची पेज. मागावर चढवण्याआधी सूत ताठ राहावं म्हणून त्याला ती पाजतात. ज्या घरात आयुष्यभर खळीच्या वासात जेवण झालं, त्या घरातल्या माणसापुढे तिच्यावर अविश्वास दाखवणं म्हणजे त्याच्या बापाचा अपमान करणं. शिवाय डांबराचा वास चुलीपाशी नको, असं मामंजींचं मत पडलं. दोन विरुद्ध एक. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी खळच म्हटलं असतं. सोलापूरकर मी, मला तरी काय कळत होतं?

तर काकांनी कारखान्यातून टाकाऊ सुताची पोती आणली. मी घरी चुलीवर मोठ्या पितळी पातेल्यात खळ शिजवली, ते पातेलं माझ्या माहेरचं. मामंजी फळीला कान लावून बसायचे आणि खळीत बुडवलेलं सूत छिन्नीने फटीत ठोकायचे. बासष्टीचा माणूस, पण मान वर करायचा नाही. वाळल्यावर काकांनी नखाने टिचकी मारून दाखवली. खरंच दगडासारखं झालं होतं. मीही मग जरा सामील झाले, नाकारत नाही. फळकुटांवर घालायला मोराच्या नक्षीच्या दोन चादरी दिल्या, आणि उरलेल्या तिसरीचे पडदे शिवले. अटीवर मात्र ठाम होते.

दसऱ्याला बोट पाण्यात सोडायचं ठरलं. पूजेला आमचे जंगम स्वामी आले. त्यांनी चूल आग्नेयेलाच हवी असं सांगितलं, म्हणून मी स्टोव्ह त्या कोपऱ्यात ठेवला. धनगर बाईच्या घरच्यांनी आणि आम्ही मिळून बोट ढकलली, ती पाण्यावर गेली, आणि बाभळीला बांधलेल्या दोरीवर तिने शांतपणे एक गिरकी घेतली. चूल नैर्ऋत्येला गेली. स्वामींनी बोटीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि दक्षिणा घेऊन एसटीला गेले. पूजेपुरत्या मी चपला काढल्या होत्या, आरती झाल्यावर परत घातल्या. दूध उतू घातलं. दुपारपर्यंत बोट कोरडी ठणठणीत होती. मामंजी फळकुटावर मोरावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं, इतका तो खूश होता. आता मला इथे राहावं लागणार, म्हणून मी सुट्टीला किती पीठ लागेल याचा हिशेब करू लागले.

मग मासे आले. पहिल्यांदा चार-पाच, मग ओंजळभर, मग बोटीच्या दोन्ही बाजूंनी नुसती चुळबुळ. काका कौतुकाने म्हणाले, "शुभ आहे, मामा." मासे फटींना तोंड लावून जेवत होते. तीन महिने मी शिजवलेली खळ इतक्या आवडीने कोणी खाल्ली याचा मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. थोड्या वेळाने बोटीच्या तळाशी पांढरं पाणी दिसू लागलं, पेजेसारखं. मग मागोमाग सुताच्या वाती तरंगत आल्या. पातेल्याने, कळशीने, काकांच्या डब्याने आम्ही पाणी उपसलं. कोणी ओरडलं नाही. बोट अगदी सावकाश, पाहुण्यांना अवघड वाटू नये अशा बेताने, काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकली. पडद्यांचे मोर बराच वेळ वर दिसत होते.

मामंजी पाण्यातून चालत बाहेर आले. धोतर पिळलं. "हरलो," ते म्हणाले. "नाव काढणार न्हाय."

आणि नाही काढलं. एसटीत नाही, घरी नाही. पायरीवर बसायचे, पण आता पाठ पश्चिमेकडे. लाल-पांढरं कडं त्यांनी स्वतः माळ्यावर टाकलं. काका आठ दिवस आमच्या दारावरून मान खाली घालून गेले. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, सुट्टी वाचली होती, आणि तरी मला जेवण जाईना. मला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटत होतं, आणि ते वाटतंय याचा रागही येत होता. शब्द त्यांनी दिला होता, तेव्हा विषय काढता येणार होता तो मलाच. पण हरलेल्या माणसाला "जाऊ द्या हो" म्हणायला मला जमत नाही.

तीन आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, मी म्हणाले, "माझ्या माहेरचं पातेलं तिथे राहिलंय."

"कुटं?" मामंजींनी विचारलं.

"तिथे. पाण्यात."

"आणाया पायजे," ते म्हणाले आणि टोपी घालायला उठले.

आम्ही तिघं गेलो. धनगर बाई तिथेच होती. पातेलं बोटीच्या तळाशी साचलेल्या चिखलात रुतलं होतं, ते काढायचं तर बोट रिकामी करायला हवी, म्हणून ती काठाकडे ओढून सगळेजण पाणी उपसू लागलो. दुपार झाली. तळ दिसला. मी पातेलं उचललं, आणि नवीन पाणी आत येईल तेव्हा येईल म्हणून तशीच उभी राहिले. येईना. बोट हलली, तळावरून सुटली, वर आली, तरी येईना. यजमान खाली वाकून फटी शोधत होते. फटी नव्हत्याच. फळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"म्या तवाच सांगणार हुते," धनगर बाई म्हणाली. "पर तुमी शिकल्याली मानसं. गाडीच्या चाकाची धाव उनाळ्यात ढिली झाली की चाक कुटं घालताव?"

मामंजींनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्यांनी बैलगाडीची चाकं भीमेत बुडवून ठेवली होती, लाकूड फुगून घट्ट व्हावं म्हणून. तो माणूस कारकुनाच्या पुस्तकापुढे आणि विणकराच्या पेजेपुढे हे विसरला होता. "बुडवाया पायजे हुती," ते पुटपुटले. "आदीच बुडवाया पायजे हुती." मग एकदम गप्प झाले, कारण नाव काढायचं नव्हतं.

"उद्या दिवसभर बघू," मी म्हणाले. "अट ती अट."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळतीला येईपर्यंत मी काठावर बसून राहिले. दर तासाला जाऊन तळाला हात लावत होते. हात कोरडा. संध्याकाळी मी यजमानांनी एसटीने जाऊन घरून आणलेला स्टोव्ह, पीठ आणि चादरी घेऊन, चपला घालून बोटीत चढले. तोंड वाकडंच होतं, ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं.

मामंजींनी लांब बांबू घेतला आणि बोट आत न्यायला लागले. धरण अजून पुरतं भरलं नव्हतं. देवळाच्या कळसाचं टोक पाण्याबाहेर दिसत होतं. कळस डाव्या हाताला, समोरच्या टेकडीची खोबण नाकासमोर, असं बघत ते पुढे गेले. मग बांबू खाली कशाला तरी आपटला. त्यांनी थोडं पुढे सरकून पुन्हा टेकवला.

"ही गोठ्याची भित," ते म्हणाले. आणखी दोन हात पुढे. "हा उंबरा. हितनंच तू माप ओलांडून आलीस." मग वळून, बांबूने चाचपत चाचपत त्यांनी बोट आडवी केली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. मला कळेना एवढं काय चाललंय. शेवटी ते थांबले.

"सूनबाई, स्टोव्ह हाय तितंच ऱ्हाऊ दे. तुजी चूल हितंच हुती. बरोबर खाली."

वारा आला आणि बोट फिरू लागली. मामंजींनी बांबू रोवून ती परत जागेवर आणली. पुन्हा फिरली, पुन्हा आणली. मी कणीक मळत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या चुलीचा धूर नव्हता तरी आलं. स्वयंपाक होईपर्यंत ते असेच उभे राहणार होते, माझी चूल माझ्या चुलीवरून हलू नये म्हणून.

मी पीठ बाजूला ठेवलं, हात धुतले, आणि चपला काढून दाराबाहेर ठेवल्या.