सुतकातले मीठ

सप्टेंबरची चार तारीख, सकाळी सव्वासात. पुतण्याचा फोन आला. गावी, पोशीरला, दादा वारला होता; अंत्यविधीही उरकले होते. या वयात डॉक्टर मला विमानात बसू देत नाहीत. दिले असते तरी पोहोचलो नसतो.

मी अमेरिकेला निघालो, तेव्हा दादाने माझी ट्रंक सायकलला बांधली आणि नेरळ स्टेशनपर्यंत सायकल हाती धरून चालत आला. "जा रं. हितलं मी बघतो," एवढेच बोलला. अखेरपर्यंत त्याने ते पाहिले.

इकडे मला नोकरी दिली ती दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या कॉलेजाने. इतर कॉलेजांची दारे त्यांना बंद होती म्हणून त्या समाजाच्या पूर्वजांनी ते उभारले. मी रसायनशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा वर्गात जवळजवळ सारे त्याच समाजाचे. आज नेपाळची, मेक्सिकोची, गोरी मुलेही येतात. माझी शेजारीण डेलोरिस त्याच समाजाची, त्याच कॉलेजातली. इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका. ती म्हणते, "सगळे येऊ देत. पण घर कोणी बांधले हे विसरले, तर आम्ही आमच्याच घरात पाहुणे होऊ." मीही बाहेरूनच आलेला.

त्या दिवशी गॅस पेटवला नाही. आई सांगे, "सुतकाच्या घरी शेजाऱ्यानं आणलेलं खायाचं, नि त्याला नाव ठेवायचं नाय." पत्नी हयात नाही. मी कोणाला कळवले नव्हते. फक्त बिमला या नेपाळी विद्यार्थिनीची शिकवणी रद्द करताना कारण सांगावे लागले.

सायंकाळी ती पातेले घेऊन आली. तिच्याकडून कळल्यामुळे डेलोरिसही आली, मॅकरोनीचा ट्रे घेऊन. बिमलाने तिला दारातच अडवले.

"मॅडम, आमच्याकडे सुतकात मीठ चालत नाही. मी अळणी भात आणलाय."

"भाऊ गेला, वर ही शिक्षा?"

"शिक्षा नाही. शोक आहे."

"आमच्याकडे शोक पोटभर जेवून करतात, पोरी."

डेलोरिसने पातेले उचलून बुडाशी पाहिले. चिकटपट्टीवर बिमलाचे नाव होते. इथल्या कृष्णवर्णीय घरांची ही रीत: दुःखाच्या घरी भांडे पाठवताना त्यावर नाव लावायचे, म्हणजे कोणाचे कोणते हे शोधण्याचा ताप त्या घराला नको.

"हे कोणी शिकवले?"

"होस्टेलमधल्या मैत्रिणीने. तिची आजी गेली, तेव्हा आम्ही सगळ्याच रांधून घेऊन गेलो होतो."

डेलोरिस खुर्ची ओढून बसली आणि अळणी भात आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतला. मी दोन्ही खाल्ले. आमच्यात मीठ चालते की नाही, हे दादाला विचारले असते.

जेवताना पुतण्याचा पुन्हा फोन आला. "काका, एकटंच हाव का? कोन हाय का जवळ?"

"घरचे आहेत," मी म्हणालो.

कोण घरचे, हे त्याने विचारले नाही. पोशीरला आता माझे कोण, हे मीही विचारले नाही.

दोघी गेल्यावर उरलेला भात झाकून फ्रीजमध्ये ठेवला आणि पुढचे दार लावून घेतले.