आरसेवाली आणि डाव्या बाजूचा टेकू

माझ्या वहिनीला बोटदुरुस्तीचं आमचं सगळं यार्ड आरसेवाली म्हणतं. तिने पॉलिश केलेल्या बोटीत बघून दाढी करता येते, अशी तिची ख्याती. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची टाप नाही, कारण वहिनीची जीभ पॉलिश पेपरपेक्षा खरखरीत आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती दादाचा डबा घेऊन यायची. त्याची बोट घासण्याची तऱ्हा बघून एक दिवस तिने त्याच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं, ते आजतागायत परत दिलेलं नाही. दादाला त्याचं काही वाटत नाही. मिळालेली सवड तो झोपून सार्थकी लावतो.

गेल्या वर्षी मालकांनी तिला कोपऱ्यातली जुनी बोट दाखवली. कित्येक वर्षं ती तिथे बेवारशासारखी उभी होती. पोटाला वाळलेलं शेवाळ, त्यावर शिंपल्यांची पुटं, आणि रंग असा उतरलेला की हात लावला तर पीठ लागल्यासारखा पांढरा व्हायचा.

"ही चमकवून दाखवा," मालक म्हणाले, "मग यार्डातलं पॉलिशचं सगळं काम तुमच्या हाताखाली."

आमच्या घरातल्या कोणाच्या हाताखाली आजवर कोणी नव्हतं. आम्हीच सगळ्यांच्या हाताखाली. त्या दिवसापासून वहिनीला दुसरं काही सुचेना, आणि तिने आम्हालाही सुचू दिलं नाही. खरवडा, धुवा, घासा, पुन्हा धुवा. पाइपाचं पाणी दिवसभर चालू. मी कुरकुरलो की म्हणायची, "भावजी, तोंड थकलं असेल तर हात चालवा."

शेवटच्या दिवशी बोट अशी लखलखत होती की मलाच तिला हात लावायची भीती वाटायला लागली. दुपारी मालक बघायला येणार होते. राहिला होता तो एकच ठिपका, टेकूखालचा. जमिनीवरची बोट खाली ओंडक्यांवर बसते आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू तिला सावरून धरतात. टेकू जिथे टेकतो तिथे फडकं पोचत नाही.

"बोट उचलतील तेव्हा पुसून घेऊ," मी म्हणालो.

"मालकांची नजर नेमकी तिथेच जाईल," वहिनी म्हणाली. "आणि माझी तर आत्ताच गेली आहे."

आधी नवा टेकू लावायचा, मग जुना काढायचा, हा यार्डातला नियम. आम्ही तो पाळला. डाव्या बाजूला हातभर अंतरावर नवा टेकू उभा केला, आवळला, आणि जुना काढून खाली ठेवला. दादा तेव्हा बोटीखाली उताणा पडून, कानात कापसाचे बोळे घालून, मशीनने उरलेसुरले शिंपले काढत होता.

वहिनी त्या ठिपक्यावर फडकं फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. समोरच्या शेडची कड बोटीच्या चकाकीत सरळ रेघेसारखी दिसत होती. ती रेघ हळूहळू सरकत होती.

"भावजी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खाली बघा."

नवा टेकू जमिनीत रुतत चालला होता. माती वरून वाळलेली, पण आत चिखल. इतके दिवस आम्हीच ओतलेलं पाणी तिथे मुरलं होतं.

"दादा!" मी बोंबललो. मशीन घरघरतच राहिलं. वहिनीने धावत जाऊन प्लग उपसला. मशीन बंद पडलं आणि मला हायसं वाटलं, आता हा शिव्या घालत बाहेर येईल. कसला येतोय! वीज गेली की माणसाने आडवं व्हावं हा दादाचा शिरस्ता, आणि तो तर आधीच आडवा होता. त्याने मशीन बाजूला सारलं आणि डोळे मिटले.

वरून करकर आवाज आला.

"वहिनी, जुना टेकू! परत लावू!" मी ओरडलो.

तो तिच्या पायाशीच पडला होता. दोघं मिळून थोडा वेळ झटलो असतो तर कदाचित बोट वाचली असती. वहिनीने टेकूकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं आणि सरपटत खाली शिरली.

मी रुतणाऱ्या टेकूला खांदा लावला. माझ्या खांद्याने काय होणार होतं? पण नुसतं उभं राहवेना.

इतक्या वर्षांत तिने दादाला "अहो"शिवाय हाक मारलेली मी ऐकली नव्हती. भांडणातसुद्धा "अहो, अक्कल आहे का?" असंच. आता बोटीखालून आवाज आला, "ए! ऊठ! ऊठ रे!" दादाचे पाय चिखलात झटापट करताना दिसले, मग पलीकडच्या बाजूला ओढले गेले. ते दिसेनासे झाले तसा मी टेकू सोडून पळालो.

बोट आडवी झाली, आणि झाली तीही डाव्याच अंगावर. टेकू तिच्या पोटात आरपार घुसला.

मालक धावत आले. चिखलात माखलेले ते दोघं उठून बसत होते.

"टेकू मी काढला," कोणी विचारायच्या आत दादा म्हणाला. आयुष्यात साधं फडक्याचं कामही अंगावर न घेणारा माणूस!

"खोटं बोलू नका," वहिनी म्हणाली. "मी काढला."

मालक फुटलेल्या बोटीकडे बघत राहिले. "एवढे महिने घातलेत हिच्यावर," ते संतापून म्हणाले. "आता काय वाचलं यातलं? सांगा ना, काय वाचलं?"

वहिनीने बोटीकडे मान वळवली नाही. दादाची कॉलर अजून तिच्या मुठीत होती.

"हे वाचले," ती म्हणाली.