रंगाला डोळे येतात तेव्हा

हळूकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस ग्लायडिंग क्लबात एकही उरलेलं नाही. ग्लायडर हँगरमधून बाहेर काढताना कोणी पंखाला जरा जोरात हात लावला, की कुठून तरी आवाज यायचा, "हळू." कोणी शिडी टेकवली, हळू. दार लोटलं, हळू. एकदा क्लबाचे सेक्रेटरी विमानाजवळ उभे राहून शिंकले, तेव्हाही काकांच्या तोंडून सवयीने "हळू" निघून गेलं. त्या दिवसापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

क्लबाचं ग्लायडर एकच, दोन माणसं बसतील असं, पांढरंशुभ्र. इंजिन नाही, त्यामुळे वाऱ्याच्या भरवशावर उडायचं, आणि बाकीचा वेळ मैदानात उन्हात पडून राहायचं. अकरा वर्षांपूर्वी त्याचा रंग तडकला तेव्हा क्लबाचे रंगारी म्हणून काकांनी तो सगळा खरवडून नवा चढवला. तेव्हापासून वर्षातून दोनदा त्यावर मेण चढवायचं, म्हणजे उन्हाने रंगाची भुकटी होत नाही. डब्यातलं कठीण मेण फडक्यावर घ्यायचं, गोल गोल घासायचं, वाळू द्यायचं, मग मऊ कापडाने काढायचं. एका पंखाला एक अख्खा दिवस. लोक येऊन म्हणायचे, काय चमकतंय हो. घासायला मात्र त्यातलं कोणी कधी थांबलं नाही.

यंदा काकांचा उजवा खांदा संपला. "संपला" हा काकांचा शब्द. डॉक्टर बरंच लांबलचक बोलले होते. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्यावर जायचा नाही. सकाळी शर्ट घालताना बायको बाही धरून उभी राहायची.

मंगळवारी सकाळी सेक्रेटरींनी कामाच्या टेबलावर जुन्या डब्याशेजारी एक नवी बाटली आणून ठेवली.

"काका, हा स्प्रे. फवारायचं, पुसायचं, झालं. दोन तासांत अख्खं विमान."

"यात आहे काय?"

"मेणच आहे की. लिहिलंय बाटलीवर."

"बाटलीवर काय, माझ्या पाठीवरही कोणी लिहील, तरुण आहे म्हणून."

सेक्रेटरी हसले, आणि मग हसू आवरून खुर्चीवर बसले. "स्पष्टच बोलतो. डब्यातलं मेण घ्यायचं तर हात चालणारा माणूस घ्यावा लागेल, आणि पगाराची जागा एकच आहे. स्प्रे घेतला तर तुम्ही आहात तोवर तुम्हीच. मला रंगातलं काही कळत नाही. वर्षाच्या सामानाची मागणी आज पाठवायची आहे, संध्याकाळपर्यंत सांगा. तुम्ही म्हणाल ते."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

काका बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. घराच्या भिंती कधीच्या रंगवून झाल्या होत्या. मग उठून त्यांनी भंगारातून जुन्या रंगीत पत्र्याचे दोन तुकडे काढले. एकावर कठीण मेण घासलं, तेवढ्यानेही खांद्यातून कळ आली आणि दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यावर स्प्रे मारला, डाव्या हाताने सहज पुसला. पत्रा असा चमकला की काकांना त्यात स्वतःचं नाक दिसलं. पाण्याचा थेंब टाकला, तो टुणकन घरंगळला. झालं की, ते मनात म्हणाले, याच्यात वाईट काय आहे?

पण रंगाऱ्याची परीक्षा चमकेवर होत नाही. ग्लायडरच्या नाकावर दरवर्षी खडे उडतात, टवके जातात, तिथे पुन्हा रंग भरावा लागतो. मेण धुऊन गेलं तरच नवा रंग धरतो. मेणात सिलिकॉन असलं, तर ते बारीक भेगांत जाऊन बसतं, कितीही धुवा, निघत नाही. त्याच्यावर रंग मारला की तो जागोजागी आक्रसून मागे सरतो आणि गोल गोल भोकं पडतात. रंगारी म्हणतात, रंगाला डोळे आले. माणसाचे डोळे आले तर आठवड्यात बरे होतात. रंगाचे आले, की खरवडण्यावाचून औषध नाही.

काकांनी ते एकदा बघितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, याच ग्लायडरच्या डाव्या पंखावर, संबंध पंखभर डोळे. त्यांनी रंगाच्या डब्याला शिव्या घातल्या, थिनरला घातल्या, हवेच्या पंपाला घातल्या. तीनदा खरवडून तीनदा मारला, तरी तेच. चौथ्या दिवशी घरी जेवताना लक्ष गेलं ते कोनाड्यातल्या बरणीवर. थिनरने त्यांच्या हातांना भेगा पडायच्या, म्हणून बायको रोज झोपण्याआधी त्यांचे हात मांडीवर घेऊन क्रीम चोळायची, एकेक बोट करून. बरणीवर बारीक अक्षरांत तोच शब्द होता, सिलिकॉन; तेच हातांवरून पंखावर उतरलं होतं. काकांनी तिथल्या तिथे बरणी उचलून कचऱ्यात टाकली आणि तिला नको नको ते बोलले. सगळ्या जगाला हळू म्हणणारा माणूस त्या दिवशी घरात हळू बोलला नाही. ती एवढंच म्हणाली, "मला काय माहीत?" त्यानंतर तिने पुन्हा कधी त्यांच्या हातांना हात लावला नाही, म्हणजे तसा. पंख नीट झाला. काकांनी माफी मागायची ठरवली होती. आज मागू, उद्या मागू करता करता अकरा वर्षं गेली.

त्यांनी दोन्ही तुकडे थिनरने धुतले, घासले, रंग फवारायच्या पिस्तुलात पांढरा रंग भरून दोन्हींवर एकेक हात मारला आणि चहा प्यायला गेले. परत आले तर एक तुकडा दुधाच्या सायीसारखा सपाट होता. दुसरा, स्प्रेचा, त्यांच्याकडे बघत होता, चाळीस-पन्नास डोळ्यांनी.

हँगरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. भंगाराचं पिंप चार पावलांवर होतं. तो एक तुकडा त्यात गेला असता तर कोणाला कळणार होतं? पुढच्या वर्षी टवका भरायला जो येईल, त्याला कळलं असतं, आणि त्यानेही डब्याला, थिनरला, पंपालाच शिव्या घातल्या असत्या. काका तुकडा हातात धरून पिंपापाशी उभे राहिले. फार थकले होते ते. या वयात एवढी डोळेझाक कोणीही माफ केली असती, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही तुकडे सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"डोळे आलेत," काका म्हणाले. "डब्यातलं मेण मागवा. आणि माणूस बघा. त्याला सांगा, कामावर असताना हाताला काही लावायचं नाही."

सेक्रेटरींनी तुकडा उचलून उजेडात धरला. "काका, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. मला काही कळलं नसतं."

"म्हणून तर आणून दाखवलं," काका म्हणाले. जाताना त्यांनी ग्लायडरच्या पंखावर डावा तळवा टेकवला, आणि मग हँगरचं दार लोटलं. ते गडगडत जाऊन आपटलं. हळू म्हणायला आत कोणी नव्हतं.

घरी बायको चादरीच्या घड्या घालत होती. काका तिच्यासमोर बसले.

"सुटलं काम," ते म्हणाले.

तिने घडी पुरी केली. "खांद्याचं म्हणून?"

"खांद्याचंही." मग ते म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोललो तुला."

कोणत्या दिवशी, हे तिने विचारलं नाही. काकांनी दोन्ही हात पुढे केले, उजवा थोडा खालीच राहिला. तळव्यांवर भेगा होत्या, काही काळ्या पडलेल्या.

"आता लावलंस तरी चालेल," ते म्हणाले. "आता रंगाला हात लागायचा नाही."

ती उठून आत गेली. एका फळीवरून तिने बरणी आणली, नवी, झाकणही न उघडलेली. अकरा वर्षांत ती दरवर्षी एक आणत होती आणि जुनी झाली की टाकून देत होती. त्यांचे हात मांडीवर घेऊन तिने करंगळीपासून सुरुवात केली. भेगेवर बोट लागलं तसे काका कळवळले.

"हळू," ते म्हणाले.

"हळूच करतेय," ती म्हणाली.