गुरुवारी आम्ही भजन म्हणत नाही

बायांनो, आज दुपारी जे झालं ते माझ्याच तोंडून कळावं, म्हणून हा कागद डोंबिवलीतल्या आपल्या वाडीत फिरवतेय. वाचून शेजारी द्या.

दर गुरुवारी आम्ही पाचजणी टाळ घेऊन भजनाला जातो, असं तुम्हाला वाटतं. आम्ही भजन म्हणतच नाही! आम्हा पाचहीजणींना एकच त्रास आहे. काही कारण नसताना छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरतो की काय असं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे, ही भीती आहे. एकमेकींशी बोला." म्हणून त्यांच्या ओसरीवर बसून बोलतो. टाळ घरच्यांना दाखवायला.

आज माझ्या सासूबाई अचानक भजन ऐकायला आल्या. आमच्यातल्या कुसुमने घाईघाईने टाळ उचलले. मी ते तिच्या हातातून काढून घेतले.

"आई, इथे आम्ही आपापली भीती सांगतो."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"नाही. गप्प बसून लागलं असतं."

आता घरी तमाशा होणार, असं मी धरूनच चालले होते. पण सासूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "माझी तर लग्नापासून धडधडते. मला वाटायचं, सगळ्याच बायकांची धडधडते."

देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली, आणि आम्हाला बोलायला अजून टाळांचा आडोसा लागतो!

पुढच्या गुरुवारी आम्ही सहाजणी रिकाम्या हाताने जाणार. कुजबुजायचं त्यांनी खुशाल कुजबुजावं.

तुमची धडधडते का?