दारावरचा पहारा

अमेरिकेत ट्रॉय शहरातल्या आमच्या शेजारच्या चिनी काकांना हळू बोलणं माहीतच नाही. गवत कापताना ते रस्त्यापलीकडच्या माणसाशी टोमॅटोच्या रोपांबद्दल गप्पा मारतात, आणि मशीन बंद करायची तसदीही घेत नाहीत.

त्या वर्षी गणेशचतुर्थी शनिवारी आली, म्हणून आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. आरतीत झांजांचा आवाज चढला, तसे काका ताडकन उठले आणि त्यांनी भराभर सगळे पडदे ओढून घेतले.

"हळू!" ते कुजबुजले. "शेजारी ऐकतील."

"काका, शेजारी तुम्हीच आहात," मी म्हटलं.

ते ओशाळले. त्यांचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. चीनमधल्या त्यांच्या गावातलं चर्च सरकारने बंद केलं, तेव्हापासून प्रार्थना घरातच, पडदे लावून. गाणी नुसते ओठ हलवून म्हणायची. त्यांची बहीण तिकडे अजूनही तशीच गाते.

"इथे भीती नाही, हे मला कळतं रे," ते म्हणाले. "हातांना कळत नाही."

मी पडदे उघडले. आरती पुन्हा सुरू झाली, तसे काका बाहेर जाऊन दाराशी उभे राहिले. तेवढ्यात पोस्टमन आला. त्याने आत डोकावताच काका दोन्ही हात पसरून आडवे आले.

"बर्थडे पार्टी! फक्त बर्थडे!"

"हॅपी बर्थडे!" म्हणत तो पत्रं देऊन गेला.

काका आत आले. "माफ कर, तुझ्यासाठी खोटं बोललो."

"खोटं कुठे? आज यांचा वाढदिवसच आहे," मी गणपतीकडे बोट दाखवलं.

"कितवा?" काकांनी लगेच विचारलं.

ते मात्र आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना.