चुकीच्या पेटीतली चिठ्ठी

माझा प्रभूवर विश्वास आहे, पण स्वभाव तापट आहे, आणि त्या दोन आठवड्यांत विश्वासापेक्षा तापच जास्त होता. माझ्या यजमानांच्या जिभेखाली पांढरा चट्टा उठला होता. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळल्यावर दुसरं काय होणार! अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि रिपोर्ट दोन आठवड्यांनी, सोमवारी मिळेल म्हणाले. अमरावतीला परत येताना एसटीत मी त्यांना इतकं बोलले, की पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. त्यानंतर आमच्यात बोलणंच उरलं नाही. त्यांचं तिखट बंद झालं होतं म्हणून मी रोज मऊ खिचडी करायची, ताट आदळायची आणि आत निघून जायची. कॅन्सर हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं.

आमच्या चर्चच्या दारात दोन लाकडी पेट्या आहेत. एक प्रार्थना-विनंतीची, एक उपकारस्तुतीची. ज्याला अडचण आहे तो पहिलीत चिठ्ठी टाकतो, ज्याची दूर झाली तो दुसरीत. त्या रविवारी मी चिठ्ठीत आमच्या नावाखाली एवढंच लिहिलं, ‘यजमानांच्या तोंडाच्या आजारासाठी. घरी प्रार्थना ठेवावी.’ डोळे भरून आले होते, चष्मा पर्समध्ये होता. चिठ्ठी टाकली आणि कोणी काही विचारायच्या आत घर गाठलं. नंतर चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला, शुक्रवारी संध्याकाळी येतो म्हणाले. सोबत दोन-तीन माणसं येतील, असं धरून मी तेवढंच दूध आणून ठेवलं.

शुक्रवारी आली चाळीस माणसं. कोणी झेंडूचा हार आणला, कोणी पेढे. यजमानांच्या म्हाताऱ्या आत्याबाई तर कोणाकडून तरी ऐकून थेट अकोल्याहून आल्या होत्या. दारातच त्यांनी भाच्याच्या गालावरून हात फिरवला. “बरं झालं बाप्पा, देवानं आयकलं!” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी उपकारस्तुतीच्या पेटीत पडली होती. रिपोर्टचा पत्ता नाही, आणि लोक आजार बरा झाल्याचे आभार मानायला आले होते!

मी आत्याबाईंना ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. आता या लोकांना परत कसं पाठवायचं, म्हणून मी हात चोळत होते. त्या स्टुलावर शांत बसल्या.

“परत काहून पाठवतं वं? उपकार मान.”

“कायचे, आत्याबाई? रिपोर्ट तं सोमवारी येनार हाय.”

“रिपोर्टची वाट तू पाहून राहिली. देव नाही पाहून राहिला.”

मला त्यांचाही राग आला. सांगायला यांचं काय जातं, असं वाटलं. बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. पाळकसाहेब ओशाळून म्हणाले, मग आपण विनंतीची प्रार्थना करू. तेवढ्यात यजमान उठले. सभेत आजवर कधी तोंड न उघडलेला माणूस.

“उपकारस्तुतीच राहू द्या,” ते म्हणाले. “चूक माही हाय. तरी अकरा दिवसांपासून हिनं मले खिचडी करून घातली, एक दिवस चुकवला नाही. खर्रा सोडला तं हात थरथर कापून राह्यले, पण सुटला. अन् तुमी एवढे लोकं आले. मले उपकार मानाचे हायेत.”

ताट आदळल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मी तिथेच रडले, आणि त्या रडण्यात राग नव्हता. मग गीतं झाली, प्रार्थना झाली, शेजारणींनी आपापल्या घरून दूध आणून चहा पुरवला. सगळे गेल्यावर आम्ही दोघं एका ठिकाणी बसून जेवलो. मीही त्यांच्या ताटातली खिचडीच खाल्ली. कितीतरी दिवसांनी घास गळ्याखाली उतरला, आणि जीव हलका झाला. रिपोर्ट अजून यायचाच होता.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही. पण तोंड जपायचं, खर्रा कायमचा बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. खोटं कशाला बोलू, दवाखान्याच्या पायऱ्या मी आनंदाने धावतच उतरले. तरी माझी सुटका शुक्रवारीच झाली होती. रिपोर्ट उलट आला असता तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी काही धीराची बाई नाही. पण आपलं माणूस आधी देवाच्या हाती सोपवावं आणि आज जे ताटात आहे त्याचे आभार मानावेत, एवढं मला त्या चुकीने शिकवलं. त्या चुकीचेही मी प्रभूला धन्यवाद देते.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणीला अकोल्याला जायचं आहे. भीती आहेच. चिठ्ठी मी आजच लिहून ठेवली आहे. रविवारी टाकणार, त्याच पेटीत. या वेळी चष्मा लावून.